स्टोरीटेलिंग म्हणजे नक्की काय? आईच्या चटणीच्या बरणीवरून समजून घेऊ

गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून वहिनीचा फोन आला. ती घरी कांदा-लसूण मसाला करून विकते, म्हणजे मसाला हा पाकिटावरचा शब्द झाला, आमच्याकडे त्याला चटणीच म्हणतात. धंदा बरा चाललाय म्हणून तिने एका एजन्सीला पैसे देऊन इन्स्टाग्रामचं काम दिलं, तर त्यांनी पहिलीच पोस्ट बनवून पाठवली, पिवळ्या बॅकग्राउंडवर नऊवारीतली एक आजी, कुठल्यातरी फोटोंच्या साइटवरून घेतलेली, आणि खाली ओळ, पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा, आजीच्या हातची अस्सल चव. वहिनी मला विचारते, "भाऊजी, ह्यातली आजी कोण हो? आपल्या आजींना तर तिखट सोसतच नव्हतं."

मी गेली काही वर्षं छोट्या धंद्यांसाठी जाहिरातीचा मजकूर लिहितो, त्यामुळे हा प्रकार मला नवीन नाही, पण घरच्या माणसाचे पैसे असे गेले की जास्त लागतं. एजन्सीवाल्यांना विचारलं तर म्हणाले, सर, हे स्टोरीटेलिंग आहे. आणि हा शब्द आता सगळीकडे आहे. पापडवाली, क्लासवाले, रिक्षाची बॅटरी विकणारा, सगळ्यांना कुणी ना कुणी सांगतंय की प्रॉडक्ट नका विकू, स्टोरी सांगा. पण म्हणजे करायचं काय ते कुणीच नीट सांगत नाही. म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे की हे शिकायला कोर्स लागत नाही, ज्या घरात आपण वाढलो तिथे हे सगळं रोज चालू असतं, फक्त तिकडे त्या नजरेने बघायला पाहिजे.

आधी तीन शब्द

मार्केटिंग म्हणजे आपली वस्तू कुणाला लागते ते ओळखून, त्याला ती कळेल आणि पटेल असं करणं. जाहिरात हा त्याचा एक भाग, सगळं नाही. ब्रँड म्हणजे लोगो नव्हे, तुमचं नाव घेतल्यावर समोरच्याच्या डोक्यात जे येतं ते. घरातला एक काका कधीच वेळेवर येत नाही, हा त्याचा ब्रँडच झाला ना, त्याने न छापलेला. आणि स्टोरीटेलिंग म्हणजे डोक्यात येणारी ती गोष्ट कुणाची, काय अडचण होती, पुढे काय झालं अशा रूपात सांगणं. बस. यापुढे जड शब्द नाहीत.

घरात हजार गोष्टी घडतात, टिकतात चार

ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा पूर आठवत असेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या गल्लीत संध्याकाळी पाणी शिरायला लागलं, भाऊ आणि बाबा सामान वर चढवत होते, आधी फ्रिज की आधी टीव्ही यावर दोघांचं वाजलं, आणि तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातली चटणीची बरणी उचलली, चिनी मातीची, खाली पांढरी वर तपकिरी, तोंडाला फडकं बांधलेली, आणि ती घेऊन माळ्याच्या शिडीपाशी उभी राहिली. बाबा ओरडले, अगं टीव्ही आधी! आई म्हणाली, "टीव्ही दुकानात मिळतो. चटणीला पुढचा उन्हाळा लागंल."

बरोबरच होतं तिचं. आमच्याकडे वर्षाची चटणी मार्च-एप्रिल-मेमध्येच होते. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी मिरची आणायची, देठ काढून कडक उन्हात वाळवायची, कांदा-लसूण-खोबरं आणि मसाले तळून-भाजून घ्यायचे, मग डंकावर नंबर लावून बसायचं, नाकाला पदर बांधून. ऑगस्टमध्ये पावसात ते कसं करणार? टीव्ही पाण्यात गेला, बरणी माळ्यावर राहिली. पाच दिवसांनी घरी परत आलो तर भिंतीला खिडकीपर्यंत चिखल, आणि चिखल काढता काढता जे पहिलं जेवण झालं ते भाकरी आणि तेल घातलेली ती चटणी.

पुराच्या वेळी घरात शंभर गोष्टी घडल्या. कागदपत्रं भिजली, गाडी गेली, विमेवाल्याकडे खेटे झाले. त्या कुणी सांगत नाही. सांगतात ती बरणीची. भावाचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, त्याला खरं तर काही आठवत नसणार, पण पाहुणे आले की तोच सांगतो, आजीने बरणी डोक्यावर धरली होती म्हणून, आणि बाबा प्रत्येक वेळी दुरुस्ती करतात, डोक्यावर नाही रे, कमरेवर.

हीच गोष्ट का टिकली? एक तर तिच्यात एकच माणूस आहे, अख्खं कुटुंब नाही. त्या माणसावर वेळ आली आणि त्याला दोनातलं एक निवडावं लागलं. आणि डोळ्यासमोर येईल अशी एक वस्तू आहे. बाकी तपशील पोरगा बदलतो, बरणी, टीव्ही आणि आईचं ते वाक्य बदलत नाही. पण माझ्या मते खरी कसोटी वेगळीच आहे, ती गोष्ट आईला सांगावी लागत नाही, दुसरे सांगतात. एजन्सीच्या त्या ओळीचं काय? वारसा, अस्सल, परंपरा... वाचणारा ते वाचून आपल्या जावेला फोन करून सांगेल का, अगं ऐकलंस का, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा आहे म्हणे? नाही सांगणार. जे दुसऱ्याला सांगता येत नाही ती गोष्ट नाही, ती नुसती विशेषणं.

एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला आई

कुणी म्हणेल हे घरगुती धंद्याला ठीक आहे, मोठ्या कंपन्या असं करत नाहीत. तर आपल्या देशातली सगळ्यात गाजलेली जाहिरातींची लढाई बघा, कपडे धुण्याच्या पावडरीची.

अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी नोकरीत केमिस्ट होते. १९६९ मध्ये त्यांनी घराच्या मागच्या अंगणात पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. पावडरीला नाव दिलं मुलीचं. तिचं नाव निरुपमा, घरात म्हणायचे निरमा. पुढे ती अपघातात गेली. पांढऱ्या फ्रॉकमधली, गिरकी घेणारी ती मुलगी पाकिटावर राहिली. किंमत एवढी कमी ठेवली होती की ज्या घरात साबणाच्या वडीवर कपडे घासले जायचे तिथेही पावडर पोचली.

समोर होती हिंदुस्थान लिव्हरची सर्फ, कितीतरी महाग. स्वस्ताशी किमतीत भांडून उपयोग नव्हता. तेव्हा जाहिरातकार अॅलेक पदमसी यांनी सर्फच्या जाहिरातीसाठी ललिताजी हे पात्र उभं केलं, काम केलं कविता चौधरी यांनी, आणि हे पात्र पदमसींना स्वतःच्या आईवरून सुचलं होतं, घरात पैशाला तोटा नाही पण भाजीवाल्याशी घासाघीस केल्याशिवाय पिशवीत काही टाकायची नाही अशी आई. ललिताजी पावडरीतली रसायनं सांगत बसत नाही. ती सांगते की स्वस्त वस्तू वेगळी आणि चांगली वस्तू वेगळी, आणि हा फरक ज्या बाईला कळतो तिला कुणी उधळी म्हणू शकत नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एक बाई असते, आणि तिच्यासारखं दिसायला कुणाला नको असतं?

म्हणजे एका पावडरीमागे बापाची लेक, दुसरीमागे मुलाने लहानपणी बाजारात बघितलेली आई. मला यातली दुसरी गोष्ट जास्त शिकवते. पदमसींनी आईचा फोटो नाही वापरला, आईचं नावही नाही, त्यांनी आईची एक सवय उचलली. फोटो आणि नाव त्या एका घराचं असतं, सवय ऐकणाऱ्याच्या घरातही असते.

वेळ ओळखा: दिवाळीची पहाट

दुसरं उदाहरण आपलं मराठी. मोती साबण. आपल्याकडे नरक चतुर्दशी आणि मोती हे समीकरणच झालंय. उठा उठा दिवाळी आली, हे पुढचं न सांगता तुम्ही मनात पूर्ण केलंच असेल. त्या जाहिरातीत साबणाचा फेस किती, वास किती वेळ टिकतो याचा पाढा नाही, एक आजोबा पहाटे लोकांची दारं वाजवून त्यांना उठवतायत. आता विचार करा, अभ्यंगस्नानाच्या दिवशी तुमच्या घरात सगळ्यांना उठवायचं काम कुणाकडे होतं? कुणाकडे तरी होतंच. जाहिरातीने नवीन काही बनवलं नाही, आपल्या घरात जी जागा आधीपासून होती तिथे साबण ठेवून दिला.

छोट्या धंदेवाल्याला यातून घेण्यासारखं खूप आहे. आपली वस्तू घरात कुठल्या वेळी हातात घेतली जाते ते शोधा. वहिनीची चटणी कधी लागते? रविवारच्या मटणाला हो, पण जास्त कधी, तर बाईला भाजी करायचा कंटाळा आलाय आणि भाकरी, चटणी, कच्चा कांदा यावर रात्रीचं जेवण भागतं तेव्हा. त्या वेळेबद्दल कुणी बोलत नाही, सगळे मटणाचे फोटो टाकतात.

"पण लोकांना आकडे पटतात, गोष्टी नाही"

हा आक्षेप हमखास येतो, विशेषतः इंजिनिअर मंडळींकडून, आणि तो अगदीच चूक नाही. पण २००७ मध्ये छापलेला एक अमेरिकन अभ्यास बघा, डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांचा. लोकांना एका सर्व्हेसाठी पाच डॉलर दिले आणि मग त्यातले किती दान करता असं विचारलं. काहींना आफ्रिकेतल्या दुष्काळाचे आकडे दिले, लाखो लोक उपाशी वगैरे, त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना फक्त रोकिया नावाच्या, मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं, त्यांनी २.३८ डॉलर दिले. गंमत पुढे आहे, ज्यांना रोकिया आणि आकडे दोन्ही दिले त्यांनी दिले १.४३. आकड्यांनी गोष्टीला हात दिला नाही, उलट तिचं वजन कमी केलं.

घरातही तसंच असतं. बाबा सांगतात, आमच्या वेळी पगार एवढा, घरभाडं एवढं, आणि आपण मोबाइल बघतो. तेच ते सांगतात की पहिल्या पगारातून आईला साडी घ्यायला गेलो आणि परत यायला एसटीचे पैसे उरले नाहीत म्हणून चालत आलो, की आपण मान वर करतो.

आकडे नकोत असं नाही. वजन, किंमत, एक्सपायरी, तिखटपणा, हे स्पष्ट पाहिजेच, ते माणूस घ्यायचं ठरवल्यावर तपासतो. फक्त हाक मारायला आकडे वापरू नका.

वाईट दिवस सांगायचे का?

सांगायचे. धंदेवाले इथेच सगळ्यात जास्त घाबरतात. त्यांना वाटतं अडचण सांगितली की गिऱ्हाईक पळेल.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना त्यांच्या घराबद्दल वीस प्रश्न विचारले होते, आईबाबा कुठे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, घरात काय वाईट घडलं, असे. ज्यांना घरच्या गोष्टी जास्त माहीत होत्या त्या मुलांचा स्वतःवर विश्वास जास्त होता. आणि ड्यूक यांचं म्हणणं असं की आपण खालून वर गेलो किंवा आपलं होतं ते सगळं गेलं, या दोन्ही प्रकारच्या गोष्टींपेक्षा चढउतारांची गोष्ट मुलांना जास्त बळ देते, म्हणजे आपण वर गेलो, पडलो, परत उठलो आणि एकत्र राहिलो. पाठ करून घेतलेली उत्तरं मात्र कामाची नाहीत असंही ते म्हणतात, जेवताना, प्रवासात, पुन्हा पुन्हा सांगण्यातून ते बळ येतं.

आता लिज्जतकडे बघा. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात बायका आणि ८० रुपये उसने. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पुढचं मला जास्त आवडतं, पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणली, खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, झालं काम सुरू. ही खाट सांगितली की त्या सात जणी खऱ्या वाटायला लागतात, कारण पावसात काहीतरी वाळत घालायची धडपड आपण प्रत्येकाने घरात बघितलीये, निदान शाळेचे मोजे तरी.

एकच गोष्ट, ऐकणारा वेगळा

आमच्या आईला कधी फोनवर ऐका. मावशी आजारी आहे ही एकच बातमी ती मामाला वेगळी सांगते, कारण त्याला लगेच निघायचं असतं, शेजारच्या काकूंना वेगळी, आणि विहीणबाईंना तर फारच जपून. खोटं कुठेच नाही. कुणाला काय जाणून घ्यायचंय एवढं तिला कळतं. मार्केटिंगवाले ज्याला टार्गेट ऑडियन्स म्हणतात ते हेच, आणि त्यांना ते तक्ते करून समजावं लागतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला चटणीबद्दल सांगायचं तर रात्री नऊ वाजताचं जेवण सांगा, परदेशी मुलगा असलेल्या आईला पॅकिंग गळत नाही हे सांगा, तिला तेच हवंय.

"मग हे फसवणं नाही का?"

फसवणं होऊ शकतं, आणि मला हा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण लग्न जमवताना बघितलंय की, मुलगा निर्व्यसनी आहे अशी गोष्ट चहा-पोह्यांवर सांगितली जाते आणि वर्षभरात सगळं बाहेर येतं, मग ज्याने स्थळ सुचवलं त्याच्याही शब्दाला किंमत राहत नाही. घरात खोटी गोष्ट टिकत नाही कारण ऐकणाऱ्यांत कुणीतरी साक्षीदार असतो, कमरेवर होती रे, असं म्हणणारा. धंद्याच्या गोष्टीलाही हाच नियम लावा, की ही गोष्ट मी माझ्या बाबांसमोर सांगू शकतो का?

कायदाही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. १९८५ पासून मुंबईत जाहिरात क्षेत्राची स्वतःची परिषदही आहे, तिथे साधा ग्राहकसुद्धा तक्रार करू शकतो. चटणी खाऊन सांधेदुखी जाते असं गोष्टीत घुसवलं तर ते स्टोरीटेलिंग नाही. नसलेली आजी दाखवणं त्यापुढे लहान वाटेल, पण सुरुवात तिथूनच होते.

"आमच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही"

हे मी जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ऐकतो. एका नट-बोल्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये मालक अर्धा तास हेच म्हणत होते, मग बोलता बोलता निघालं की त्यांची बायको प्रत्येक लॉटमधला एक बोल्ट घरी आणून डब्यात ठेवते, तारखेची चिठ्ठी लावून, कारण एकदा माल परत आला होता आणि तेव्हा दाखवायला हातात काही नव्हतं. खरेदी करणाऱ्या मॅनेजरला याहून वेगळं काय ऐकायचंय?

म्हणून मी आता धंद्याबद्दल विचारतच नाही. घरात तुमच्या कामाबद्दल कुणी कुरकुर करतं का, एखादी वस्तू फेकायची ठरवून पण फेकली नाहीये का, पाहुणे आले की पोरं कुठली गोष्ट सांगतात, असं विचारतो. उत्तरं धंद्याबद्दलचीच येतात.

घरचं सगळं उघड्यावर मांडायचं का?

नाही. इथे मी ठाम आहे. गोष्ट ज्याची, त्याला आधी विचारा, आणि लहान मुलं हो म्हणाली तरी त्यांचं हो धरू नका, कारण त्यांना कळत नसतं की दहा वर्षांनी वर्गातली पोरं तो व्हिडिओ शोधून काढतील. घरातलं आजारपण, भांडण, कर्ज, हे लाइक मिळवायला वापरलं की घरातले लोक आपल्यासमोर मोकळं बोलायचे बंद होतात, आणि मग गोष्टी येणार कुठून?

वहिनीला मी एवढंच म्हटलं की आईंना विचार, बरणीचं सांगितलं तर चालेल का. आई आधी नाही म्हणाली, त्यात काय सांगायचंय, सगळ्यांचीच घरं बुडाली होती. हे तिचं म्हणणं मला विसरता येत नाही, म्हणून आम्ही पुराचं रडगाणं लावलं नाही, मदत मागितली नाही, फक्त टीव्ही आणि बरणी एवढंच सहा ओळींत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यामुळे किती विक्री वाढली ते मी सांगणार नाही, उन्हाळ्यात ऑर्डरी तशाही वाढतात. पण लोक फोनवर काय बोलतात ते बदललं. पूर्वी विचारायचे, किलोला कितीला? आता कधी कधी आधी विचारतात, त्या बरणीवाल्या तुम्हीच का?

एजन्सीचं काम बंद केलं. पाकिटावर फोटो टाकायला आईने परवानगी दिली नाही, म्हणून भाच्याकडून बरणीचं पेन्सिलचं चित्र काढून घेतलं, खाली पांढरी वर तपकिरी. नमुना घरी आला तेव्हा आईने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, फडक्याची गाठ डावीकडं असते, ही उजवीकडं काढलीय. ती बदलून घेतली, आणि मगच पाकिटं छापायला दिली.